एकाच घरात वेगळे राहिलात का कधी? अनुभव लिहा

निंबोणी
परवा दुपारी मेथी निवडत बसले होते आणि टीव्हीवर 'द ब्रेक-अप' लागला. २००६ चा, जेनिफर ॲनिस्टन आणि विन्स वॉनचा. शिकागोत दोघांनी मिळून घेतलेला फ्लॅट, नातं तुटतं, पण घर सोडायला दोघंही तयार नाहीत. तो हॉलमधल्या सोफ्यावर, ती बेडरूममध्ये. सुरुवात कशावरून, तर घरी माणसं जेवायला येणार असतात, तिने बारा लिंबं सांगितलेली आणि हा आणतो तीन. मग रात्री भांडी कोण घासणार यावरून राडा. कॉलेजात असताना कंटाळून अर्ध्यावर सोडला होता. या वेळी मेथी तशीच राहिली.

कारण हे सगळं आमच्याकडे होऊन गेलंय. कोथरूडचा टूबीएचके, कर्ज दोघांच्या नावावर. लग्न संपलं यावर आमचं एकमत होतं (बहुतेक तेवढ्यावरच). पण फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेना, आणि एकट्याच्या पगारावर अख्खं कर्ज द्यायला बँक तयार नाही. इथला हप्ता भरून बाहेर पुन्हा भाडं कोण भरणार? राहिलो. आतली खोली माझी, बाहेरची त्याची, ओटा वेळ वाटून. फ्रिजचे कप्पे वाटले. भाजीच्या ड्रॉवरला कप्पे नव्हते म्हणून मधे वर्तमानपत्राची घडी उभी केली होती, अलीकडे माझी कोथिंबीर, पलीकडे त्याची. दुधाच्या पिशव्या वेगळ्या. दूधवाला रोज विचारायचा, पाहुणे अजून आहेत का?

तर त्याला विकतचं दही चालायचं नाही. एका रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज, 'चमचाभर विरजण मिळेल का?' मधे एक भिंत! मी लिहिलं, 'ओट्यावर वाटीत ठेवलंय. वाटी धुऊन ठेव.' सकाळी वाटी लख्ख धुतलेली, चमचा गायब. त्या चमच्यावरून जे भांडलोय आम्ही, तसं लग्न शाबूत असतानाही कधी भांडलो नव्हतो. कमानदार दांड्याचा, माझ्या आजीचा चमचा होता तो. शेवटी त्याच्या ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत सापडला.

आता तो बंगळुरात असतो, बोलणं बरं आहे. तर तुमचेही येऊ देत. नवरा-बायको, लिव्ह-इन, आजी-आजोबा, कुणाचेही चालतील. रडायचं असेल तर रडा, पण हसण्यासारखं असेल तर ते आधी लिहा.

तळ्यातमळ्यात
रुमाल टाकून ठेवते. आत्ता कुकर लावलाय.

शनिवारपेठी
आमच्यात गीझर होता. पंधरा लिटरचा. सात ते सव्वासात ती, साडेसातला मी. मधली पंधरा मिनिटं पाणी तापायला. ती सात वीसला बाहेर यायची, हसतमुख.

निंबोणी
@शनिवारपेठी, ही ती पाच मिनिटं मुद्दाम घेतलेली. मला माहितीये, मीही घ्यायचे. 😄

गिरगावची_गॅलरी
टूबीएचके म्हणजे चैन आहे हो. आमचे आजी-आजोबा चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वेगळे झाले होते. कशावरून ते कुणालाच ठाऊक नाही, माझे वडीलही शाळेत होते तेव्हा. आजोबा गॅलरीत झोपायचे, आजी आत. बोलणं बंद, पण संसार चालू, त्यामुळे सगळा कारभार तिसऱ्याच्या मार्फत. 'यांना सांग रे, चहा झालाय.' 'तिला म्हणावं, साखर कमी आहे.' दोघं समोरासमोर, मधे मी. मी काही बोलायच्या आत आजी साखर घालून मोकळी झालेली असायची, तरी निरोप्या लागायचाच.

घरी कुणी नसेल तेव्हा आजी कॅलेंडरशी बोलायची. कालनिर्णयकडे बघून खणखणीत आवाजात, 'आज संकष्टी आहे बरं का, चंद्रोदय उशिरा आहे, भूक लागली तर डब्यात चिवडा आहे.' आजोबा कपाटाकडे बघून 'हूं' म्हणायचे.

आजोबा दवाखान्यात होते तेव्हा आजी रोज दोन बस बदलून डबा न्यायची आणि नर्सला सांगायची, 'यांना सांगा, भाकरी मऊ केलीय.' नर्स मल्याळी होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं.

चकलीचा_सोऱ्या
गॅलरी, मी ऑफिसच्या बसमध्ये मोठ्याने हसले. शेजारच्या बाई विचारतायत काय झालं. कॅलेंडर!!

कऱ्हाडचे_काका
आमच्या पिढीत असले प्रकार नव्हते. भांडण झालं तरी रात्री एका ताटात जेवायचो. हल्लीच्या मुलांना तडजोड माहीत नाही.

गिरगावची_गॅलरी
काका, वरचा प्रतिसाद तुमच्या आधीच्या पिढीचाच आहे.

कऱ्हाडचे_काका
मोबाईलवर नीट दिसलं नाही. कॅलेंडरचं वाचलं. छान आहे.

तांबडापांढरा
माझा थोरला भाऊ आणि वहिनी. एकाच घरात, खोल्या वेगळ्या, वकील ठरलेला, फक्त आईला कुणी सांगितलं नव्हतं. आई गावाकडनं आली ती गुरुजी ठरवूनच. का, तर 'घरात काहीतरी बिनसल्यासारखं वाटतंय, सत्यनारायण घालूया'. नाही कोण म्हणणार?

बसले की दोघं पाटावर. उपरण्याला पदराची गाठ मारली. ती गाठ मारायला मलाच बोलवलं, मला वकिलाची फी पण माहीत होती, हात थरथरत होते हसण्यानं. गुरुजी म्हणाले, यजमानीणबाई, यजमानांच्या हाताला हात लावा. वहिनीनं पळी उचलली आणि पळीच्या टोकानं भावाच्या मनगटाला टेकवली. गुरुजी चष्म्यावरनं बघाय लागले. भाऊ म्हणाला, 'चालतंय गुरुजी, पुढं घ्या.' पूजा उरकल्यावर गाठ सुटंना. मी जरा जास्तच घट्ट मारलेली. प्रसाद वाटताना दोघं जोडीनं फिरत होते, ही स्वयंपाकघराकडं ओढतीय, तो दाराकडं. शेजारच्या बायका म्हणतात कशा, काय जोडा हाय!

पुढं झाला घटस्फोट. आई म्हणती सत्यनारायण पावला नाही. ते दोघं म्हणतात पावला.

निंबोणी
पळी!!! 😂😂

चकलीचा_सोऱ्या
हसून हसून पुरेवाट. आता मी बसमधून उतरते, नाहीतर उतरवतील.

श्रीगोंदेकर
मूळ विषय सोडून बोलतो, माफी असावी. त्या सिनेमातल्या बाईंना बारा लिंबं कशाला हवी होती? चार माणसांना एक कागदी लिंबू पुरतं. आमच्याकडं लिंबाचीच बाग आहे म्हणून विचारलं.

निंबोणी
टेबलावर शोभेला हवी होती हो, भांड्यात भरून ठेवायला.

श्रीगोंदेकर
शोभेला?? एप्रिल २०२२ ला या म्हणावं. आदल्या वर्षीच्या पावसानं हस्त बहाराचं वाटोळं झालेलं, बाजारात लिंबू दहा रुपयाला एक. तेव्हा तीन आणली असती तर बायकोनं ओवाळलं असतं.

चकलीचा_सोऱ्या
हस्त बहार म्हणजे?

श्रीगोंदेकर
लिंबाला वर्षातनं तीन बहार येतात, मृग, हस्त, आंबे. हस्त नक्षत्राच्या सुमाराला फुलतो त्याची फळं उन्हाळ्यात निघतात. तेव्हाच सरबताला मागणी असते म्हणून पैसे त्यातच. पण त्याआधी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं, आणि ते दिवस नेमके पावसाळ्याचे. पाऊस लांबला की ताण बसत नाही, फूल धरत नाही. आमच्याकडं राहुरी कृषी विद्यापीठाची साई सरबती ही लिंबाची जात आहे. रोपं पाहिजे असतील तर सांगतो.

डोंबिवली_फास्ट
हा धागा घटस्फोटाचा होता ना? (मला दोन रोपं. कुंडीत येतं का?)

श्रीगोंदेकर
ड्रममधे येतं. कुंडी लहान पडते.

मीठभाकर
वरती सगळे हसताहेत, मला जरा वेगळं लिहायचंय. मी आत्ता त्यातच आहे. घर सासऱ्यांच्या नावावर. नवरा बोलत नाही, सासूबाई म्हणतात घर आमचं आहे, तू निघ. मुलगी दुसरीत आहे. निघालं की हक्क संपतो असं एकीनं सांगितलं, आणि एकाच घरात राहिलात तर घटस्फोट मिळत नाही असं दुसरीनं. कुणाचं खरं?

तारखेवर_तारीख
@मीठभाकर, मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. दोन्ही अर्धवट आहे, नीट वाचा.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्या कारणाने तुम्हाला बाहेर काढता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात राहत्या घराचं संरक्षण आहे, आणि नातेवाइकाच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात सांगितलंय. हा मालकी हक्क नव्हे, राहण्याचा आहे, आणि न्यायालय दोन्ही बाजू बघून आदेश देतं. म्हणून कुणाच्या बोलण्यावर बॅग भरू नका, आधी वकिलाला भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दुसरं. परस्पर संमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली होतो, त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पण वेगळं म्हणजे वेगळ्या पत्त्यावर असं नाही. नवरा-बायको म्हणून नांदत नसणं, हा अर्थ १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालात आलेला आहे. एका छपराखाली राहूनही ते होऊ शकतं. अर्ज केल्यावरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, अमरदीप सिंग, २०१७.

आणि बाकीच्या हसणाऱ्यांसाठी : घटस्फोटाच्या हुकुमात 'कर्ज नवरा फेडेल' लिहिलं म्हणून बँक तुम्हाला सोडत नाही. बँकेच्या दृष्टीने सहकर्जदार तो सहकर्जदारच. नाव काढून घेतल्याचा कागद बँकेकडून हातात पडल्याशिवाय फ्लॅटमधलं नाव सोडू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जोडप्यांची लग्नं मोडलेली असतात आणि गृहकर्जं टुणटुणीत.

मीठभाकर
खूप खूप आभार. स्क्रीनशॉट काढून ठेवला. उद्याच जाते.

गिरगावची_गॅलरी
मीठभाकर, कुठे राहता ते इथे लिहू नका, पण मुंबईत असाल तर मला वेगळा निरोप टाका. सोबत येईन.

चकलीचा_सोऱ्या
मीसुद्धा. ठाण्यापर्यंत कुठेही.

टेम्सकाठी
वकीलबाई, इंग्लंडातली गंमत सांगते. इथे एप्रिल २०२२ पासून कुणाचा दोष दाखवायची गरज उरली नाही. अर्ज करा, वीस आठवडे थांबा, मग आणखी सहा. एका घरात राहता का, कोण विचारतं? पण जुन्या कायद्यात वेगळं राहिल्याचं दाखवावं लागायचं. १९७२ ची एक केस माझ्या सॉलिसिटरने सांगितली, खोल्या वेगळ्या होत्या पण जेवण एकत्र व्हायचं, घराची साफसफाई मिळून, म्हणून न्यायाधीश म्हणाले हे काही वेगळं राहणं नव्हे. त्या हिशोबाने निंबोणीबाई, विरजण दिलंत, तुमची केस गेली असती!

माझ्याबाबत म्हणाल तर आम्ही अजून एकाच घरात आहोत. लंडनच्या भाड्यात दोन स्वयंपाकघरं करणं स्वप्नात. त्याची नवी मैत्रीण शुक्रवारी येते. छान आहे, आयरिश. तिला माझं वरण आवडतं. आता शुक्रवारी वरण मी जरा जास्तच लावते, तो मात्र टोस्ट खातो.

तांबडापांढरा
ताई, तुमचं काळीज काय दगडाचं का सोन्याचं?

टेम्सकाठी
भाड्याचं.

कऱ्हाडचे_काका
आयरिश लोकांना वरण आवडतं हे नवीन समजलं. तूप घालता का?

टेम्सकाठी
घालते काका. इथे बटर चांगलं मिळतं, घरीच कढवते.

एडिसनची_आत्या
न्यू जर्सीतही हेच, कारण व्याजदर. माझ्या मैत्रिणीचं घर २०२१ चं, तीन टक्क्यांच्या आतलं कर्ज. दोन वर्षांनी बिनसलं तोवर दर सातच्या पुढे. ती म्हणते, नवरा बदलता येईल, हा दर पुन्हा मिळायचा नाही. मग त्यांनी काय केलं, मुलं घरातच, आणि आई-बाबा पाळीपाळीने. एक आठवडा ती, एक आठवडा तो. बाहेरच्या आठवड्यासाठी एक छोटी खोली भाड्याने, तीही दोघांत एकच. म्हणजे भेट नाही पण घरं दोन्ही सामायिक! तिकडच्या सिंकमध्ये कॉफीचा मग तसाच टाकून गेला म्हणून मला फोन. मी म्हटलं, अगं मग संपलं काय नेमकं?

डोंबिवली_फास्ट
हिंदीत 'सलाम नमस्ते' आठवा की. २००५. सैफ आणि प्रीती, मेलबर्न, बिनसतं आणि घर तेच. आणि 'जरा हटके जरा बचके' तर उलटा, इंदूरचं जोडपं गर्दीच्या घरातून सुटायला, सरकारी योजनेत फ्लॅट मिळावा म्हणून घटस्फोट घेतं. आपल्याकडे लग्न घरासाठी आणि घटस्फोटही घरासाठी.

शनिवारपेठी
डॅनी डेव्हिटोचा 'द वॉर ऑफ द रोझेस' बघा, १९८९. त्यात घर सोडत नाहीत ते थेट झुंबराला लटकेपर्यंत. आमच्याकडे झुंबर नव्हतं म्हणून गीझरवर निभावलं.

पुन्हा_पोळ्या
आमची तारीख मार्च २०२० ची होती. पुढचं सांगायला नको.

कोर्ट बंद, मेड बंद, तिचं ऑफिस डायनिंग टेबलवर, माझं इस्त्रीच्या टेबलवर. २२ मार्चला संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवायच्या होत्या आठवतंय? घरात वाजण्यासारखी थाळी एकच, पितळी, तिच्या माहेरची. ती सामानाच्या यादीत तिच्या बाजूला लिहिलेली. मी मागितली, ती म्हणाली यादी बघ. मग ती हॉलच्या खिडकीत थाळी घेऊन आणि मी बेडरूमच्या खिडकीत नॉनस्टिक तवा घेऊन. नॉनस्टिक वाजत नाही हो! नुसतं ठप ठप. समोरच्या विंगमधले आजोबा ओरडले, 'अहो जरा जोर लावा!' तिकडून तिच्या हसण्याचा आवाज आला. किती दिवसांनी ऐकला असेन, सांगता येत नाही.

नाही, एकत्र आलो नाही, कुणी विचारायच्या आत सांगतो. कोर्ट उघडल्यावर रीतसर झालं सगळं. पण त्या टाळेबंदीत यादी पुन्हा केली, आणि ती फार पटकन झाली. मिक्सर तिला, तवा मला. पोळ्या मी तेव्हाच शिकलो.

निंबोणी
थाळी कुणाकडे गेली?

पुन्हा_पोळ्या
तिच्याकडेच. यादीत होती ना.

चकलीचा_सोऱ्या
नॉनस्टिकवर पोळ्या करता? लोखंडी घ्या लोखंडी. बिडाचा नको, जड पडतो.

मीठभाकर
इथे येऊन बरं वाटलं आज. मुलगी विचारतेय आई का हसतेस, तिला पळीची गोष्ट सांगितली.

एडिसनची_आत्या
❤️

तळ्यातमळ्यात
आले. रुमाल उचलते. आमच्याकडे वाटणीत सगळं मिटलं, अडकलं फक्त गोदरेजचं कपाट. मोठं, आरशाचं. त्याच्या काकांनी लग्नात दिलेलं, पण किल्ली माझ्याकडे आणि आत निम्म्या माझ्या साड्या. पॅकर्सवाल्यांनी बघितलं आणि म्हणाले, हे जिन्यातून वळणार नाही. आणताना कसं आणलं ते कुणालाच आठवेना! लिफ्ट नंतर बसली, जिना तेव्हाच अरुंद केला. शेवटी फ्लॅट विकला तो कपाटासकट. घेणारं जोडपं नवीन लग्न झालेलं. करारनाम्यात वकिलाने ओळ घातली, 'एक लोखंडी कपाट, आहे त्या स्थितीत'. किल्ली देताना मी त्या मुलीला एवढंच सांगितलं की खालचा खण जरा उचलून ओढावा लागतो.

डोंबिवली_फास्ट
आहे त्या स्थितीत 😂 लग्नाच्या पत्रिकेत छापायला हवं.

कऱ्हाडचे_काका
जुनं गोदरेज आता मिळत नाही. पत्रा जाड असायचा. त्या जोडप्याला विकायचं असेल तर कळवा, आमच्या धाकट्याला घ्यायचं आहे.

तळ्यातमळ्यात
काका, पण ते जिन्यातून वळत नाही.

कऱ्हाडचे_काका
उघडून नेऊ. बोल्ट असतात मागे. माप पाठवा.